गुलाबाचा सख्खा भाऊ

मराठी माणूस कोणत्याही विषयावर परखडपणे बोलतो, अशी निदान त्याची स्वतःची समजूत आहे. शेजाऱ्याचा पगार, जावयाचा स्वभाव, क्रिकेटच्या संघाची निवड, कशालाही तो आडपडदा ठेवत नाही. पण रोज सकाळी जी एक गोष्ट उरकल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नाही, तिचं नाव घ्यायची वेळ आली की हाच परखड माणूस एकदम दिशा दाखवायला लागतो. 'जरा परसाकडे जाऊन येतो,' म्हणतो. म्हणजे कुठे चाललाय तेवढं सांगतो. कशाला, ते तुम्ही ओळखायचं. त्याहून सोवळा असेल तर तो 'बहिर्दिशेला' जातो. आता तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकला ना परसदार, ना बहिर्दिशा. संडास स्वयंपाकघराला पाठ लावून बसलेला. तरी माझे एक ऐंशी वर्षांचे स्नेही पलंगावरून उठून मोजून सहा पावलं चालतात आणि 'परसाकडे' जाऊन येतात.

हे आजचं नाही. लीळाचरित्र म्हणजे मराठी गद्याचा तेराव्या शतकातला आद्य ग्रंथ. त्यात याला 'परिश्रय' म्हटलेलं आहे. मूळ अर्थ आडोसा. तेव्हाही मंडळी आडोशालाच जात होती, आणि शब्दालाही आडोसा करत होती.

'शौच' या शब्दाची तर मला कीव येते. शुचि म्हणजे पवित्र, त्याचं भाववाचक नाम शौच. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या यादीत हा शब्द मानाने बसलेला आहे. पतंजलींनी योगाचे पाच नियम सांगितले, त्यांतही पहिला शौच आणि दुसरा संतोष. (हा क्रम लावणारा माणूस नुसता तत्त्वज्ञ नव्हता, त्याला जगाचा अनुभव होता. तीन दिवस कोठा जड राहिलेल्या कोणालाही विचारा, पहिल्याशिवाय दुसरा मिळत नाही.) असा हा कुलीन शब्द आपण खाली खाली आणत कुठे नेऊन बसवला बघा. शौचालय म्हणजे अक्षरशः पावित्र्याचं घर. एखाद्या सार्वजनिक पावित्र्याच्या घरात नाकाला रुमाल लावून जाऊन आलेला माणूस संस्कृत भाषेविषयी काय मत करून घेत असेल?

लघुशंका आणि दीर्घशंका हे आणखी दोन. शंका म्हणजे संशय. आमच्या शाळेत एका पोराने करंगळी वर केली की गुरुजी 'काय शंका आहे?' असं विचारायचे, आणि सगळा वर्ग खिंकाळायचा. गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही की कळून ते मजा घेत होते, ही माझी एक जुनी शंका आहे. लघु की दीर्घ ते सांगता येत नाही.

या सगळ्या आडवळणी मंडळींत एकच शब्द असा आहे, जो आपण चारचौघांत खणखणीत उच्चारतो. जुलाब. त्याला आडोसा लागत नाही. 'साहेब, आज येत नाही, जुलाब होताहेत,' असं आपण फोनवर बिनदिक्कत सांगतो. रजेसाठी याच्याइतकं निर्वेध कारण दुसरं नाही. ताप म्हटलं तर 'किती आहे?' असं विचारतात. पाय मुरगळला म्हटलं तर दुसऱ्या दिवशी लंगडावं लागतं. जुलाबाचा पुरावा मात्र कोणताही साहेब मागत नाही. उलट तोच घाईघाईने 'बरं बरं, काळजी घ्या,' म्हणून फोन ठेवतो.

या शब्दाची आपल्याला लाज वाटत नाही, कारण त्याचा अर्थच आपल्याला ठाऊक नाही. परका शब्द परक्या माणसासारखा असतो. त्याच्यादेखत काहीही बोलता येतं. पण हा परका कुठला, हे मला कळलं ते आमच्या वाड्यात राहणाऱ्या एका फारसीच्या मास्तरांमुळे. त्या काळी काही शाळांतून संस्कृतऐवजी फारसी घेता येत असे, आणि मास्तरांच्या वर्गात जेमतेम चार मुलं असत. त्यामुळे शिकवण्याची हौस भागवायला ते संध्याकाळी वाड्याच्या ओट्यावर बसत. एकदा आम्ही पोरं यमकं जुळवत होतो. कोणीतरी 'गुलाब' म्हटलं, मी 'जुलाब' म्हटलं, आणि सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "यमक कसलं जुळवतोस? सख्खे भाऊ आहेत ते!"

आणि त्यांनी ओट्यावरच खडूने वंशावळ मांडली. फारसीत गुल म्हणजे गुलाबाचं फूल आणि आब म्हणजे पाणी. पाच नद्यांचा पंजाब, त्यातलाच हा आब. तेव्हा गुलाब म्हणजे फूल नव्हेच, फुलाचं पाणी. आपण मराठीत पाण्याचं नाव फुलाला देऊन टाकलं आणि मग पाण्याला नाव उरेना, म्हणून 'गुलाबपाणी' असा शब्द केला. म्हणजे फुलाचं पाणी-पाणी! लग्नात चांदीच्या गुलाबदाणीतून अंगावर शिंपडतात ते हे.

हा गुलाब इराणातून अरबांकडे गेला. अरबांच्या लिपीत ग नाही. इराणी माणसाचा 'गौहर' त्यांनी 'जौहर' केला आणि त्याचं अनेकवचन 'जवाहीर' होऊन आपल्या सराफकट्ट्यावर आलं. त्याच न्यायाने गुलाबाचा जुलाब झाला. गडबड इथवर कुठेच नाही. अरबांचा जुलाब म्हणजे गुलाबपाण्याचं सरबत, साखरेचा सुगंधी पाक. हकीम लोक कडू औषधं यातून देत. आता रेचक औषधं सगळी एकजात कडू. सोनामुखीचा काढा ज्याने प्यायलाय त्याला पुढचं सांगायला नको. ती घशाखाली उतरायची तर गोड पाकाचाच आधार हवा. होता होता वाहनाचं नाव प्रवाशाला चिकटलं. 'अमक्याला बाटलीचा नाद आहे' असं आपण म्हणतो तेव्हा तो काच खातो असं कोणी समजत नाही, तसंच हे. हकीम हिंदुस्थानात आले, सोबत त्यांचा जुलाब आला, आणि इथे येईपर्यंत पाक विसरला गेला, सुवास उडाला, आणि उरला तो फक्त परिणाम.

तेव्हापासून मी लग्नाच्या पंगतीत गुलाबजाम वाढायला आला की जरा आदराने पाहतो. पाकात गुलाबपाणी असतं म्हणून तो गुलाबजाम. आग्रहाखातर एकामागून एक आठ खाल्ले की दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ भेटीला येतो. एकाच घराण्यातले दोघे, मागेपुढे येणारच.

या घराण्याची एक शाखा पश्चिमेला गेली आणि तिने मात्र नाव काढलं. अरबांचा जुलाब लॅटिन आणि फ्रेंच भाषांमधून इंग्लंडात पोचला आणि तिथे त्याचा 'ज्युलेप' झाला. तिथेही आधी तो औषधाचा गोड पाकच होता. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याला दारूची संगत लागली. केंटकी राज्यात लुईव्हिल गावी १८७५ सालापासून घोड्यांची एक मोठी शर्यत होते, आणि तिथलं मानाचं पेय म्हणजे मिंट ज्युलेप. बर्बन व्हिस्की, साखर, पुदिना आणि कुटलेला बर्फ. माझा भाचा त्या बाजूला नोकरीला आहे. एका मे महिन्यात त्याचा फोन आला.

"मामा, काल घोड्यांच्या शर्यतीला गेलो होतो. मिंट ज्युलेप प्यालो!"

"अरे बापरे," मी म्हटलं. "मग आज घरीच आहेस ना?"

त्याला वाटलं, मी दारूबद्दल बोलतोय. "फक्त एकच घेतला, मामा," तो ओशाळून म्हणाला. मी तरी आणखी काय विचारणार?

आता मराठीतल्या जुलाबाचं व्याकरण पाहा, कारण त्यात आपला सामाजिक इतिहास आहे. 'जुलाब घेतला' म्हणताना शब्द एकवचनी असतो. तो माणसाने विचारपूर्वक, चांगला दिवस पाहून घेतलेला असतो. 'जुलाब झाले' म्हटलं की तो अनेकवचनी होतो, आणि त्यात माणसाला कोणी विचारलेलं नसतं. आमच्या लहानपणी घेण्याचा रिवाज होता. महिन्यातून एका रविवारी सकाळी आजी एरंडेलाची बाटली काढायची. आम्ही सात भावंडं रांगेत उभी. सुंठीच्या काढ्यात एरंडेल ओतलेलं. त्याच्यावर तरंगणारे तवंग मला अजून स्वप्नात दिसतात. नाक दाबून ते पोटात घातलं की पुढचा सबंध दिवस सात भावंडं आणि एक संडास यांचं गणित सुटता सुटत नसे. मोठे म्हणायचे, कोठा साफ झाला की बुद्धी साफ होते. आमच्यापैकी कोणी पुढे फार बुद्धीची चमक दाखवली नाही, पण रांगेत उभं राहण्याची सवय आयुष्यभर उपयोगी पडली.

आयुर्वेदात याला विरेचन म्हणतात आणि पंचकर्मांत त्याचं स्थान आहे. कॉलेजात गेल्यावर हाच शब्द मला साहित्याच्या तासाला भेटला. ॲरिस्टॉटलने म्हटलंय की शोकांतिका पाहून प्रेक्षकाच्या मनातल्या करुणेचं आणि भीतीचं 'कॅथार्सिस' होतं. आमच्या समीक्षकांनी त्याला 'विरेचन' असा प्रतिशब्द दिला. वर्गात मी एकटाच हसलो. पण समीक्षकांचं काही चुकलेलं नव्हतं. ग्रीक वैद्यही तो शब्द पोट साफ करण्यासाठीच वापरत. म्हणजे नाटक पाहून डोळे पुसत बाहेर पडणारे लोक आणि आम्ही सात भावंडं, सगळे एकाच उपचाराचे रुग्ण.

आपण सगळे शब्द बाहेरूनच आणले असं मात्र नाही. निर्यातही केली आहे. मोडशी हा आपला जुना शब्द. कोकणात, गोव्यात तो अजून ऐकू येतो. मोडणे या क्रियापदावरून आलेला. माणूस उलट्या-जुलाबांनी खरोखरच मोडून पडतो. गार्सिया द ऑर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या पुस्तकात या रोगाची माहिती लिहून ठेवली आहे. पोर्तुगीजांनी मोडशीचं 'मोर्देशिम' केलं. ते फ्रेंचांच्या कानावर गेलं आणि त्यांना वाटलं हे आपल्याच भाषेतलं आहे, म्हणून त्यांनी केलं 'मोर द शियां'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो कुत्र्याचं मरण. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात ही सगळी हकिकत आहे. ती वाचताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की कान चुकला, पण अर्थ फारसा चुकला नाही.

कारण या रोगात माणूस मरतो तो पाण्यावाचून. पाणी म्हणजे आब. या शब्दाचा दुसरा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. आब राखणे, आब जाणे. मोत्याचं पाणी जसं मोत्याची शोभा, तसं माणसाचं पाणी म्हणजे त्याची प्रतिष्ठा. एरवी कितीही आबदार असलेला गृहस्थ जुलाब लागल्यावर दोन्ही अर्थांनी आब घालवून बसतो. प्रतिष्ठा चार दिवसांनी परत येते. पाणी वेळेवर परत आलं नाही, तर बाकी काही येत नाही.

माझ्या आजीला सात मुलं झाली, पाच जगली. त्यांतला एक, माझ्या वडिलांच्या पाठचा, चौदा महिन्यांचा होऊन हगवणीने गेला. त्या काळचा सर्वमान्य उपाय होता, पाणी तोडायचं. वरून घातलं की खालून जातं, मग घालायचंच कशाला? ऐकायला किती सयुक्तिक वाटतं! घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, शेजारपाजारच्यांनी सांगितलं, आणि आजी विशीतली सासुरवाशीण, तिने ऐकलं. ती या मुलाबद्दल कधी बोलत नसे. एकदाच, एरंडेलाची बाटली फडताळात ठेवता ठेवता, कोणी विचारलं नसताना म्हणाली, "तांब्या वाजला की मान वळवून बघायचा." एवढंच. पण आमच्या घरी कोणीही, कधीही, अगदी भर पंगतीत वाढप अडवूनसुद्धा पाणी मागितलं, तर आजी हातातलं काम टाकून उठायची.

पोटातलं खरं गणित १९६० च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. आतड्याला एकटं मीठ ओळख देत नाही, पण साखरेचं बोट धरून आलं की दार उघडतं, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत जातं. जुलाब चालू असतानासुद्धा. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा सीमेवरच्या बनगाव इथे पटकीने माणसं मरत होती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे काम करणारे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि रोग्यांच्या आयाबहिणींना सांगितलं, पाजत राहा. शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, ते तीन-चारांवर आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिलं की शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध बहुधा हाच ठरेल. महालनबीस २०२२ साली वारले. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. आपल्याकडे सन्मानाला जुलाबासारखी घाई कधीच नसते.

ऐंशीच्या दशकात एक आरोग्यसेविका आमच्या गावी घरोघर फिरत होती. आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली, ओसरीवर बसलेली. त्या मुलीने स्वच्छ पातेल्यात एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घेतलं, चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर घातली, सपाट अर्धा चमचा मीठ घातलं, ढवळलं, आणि म्हणाली, "आजी, बाळाला जुलाब झाले की पाणी तोडायचं नाही बरं का. हे थोडं थोडं पाजत राहायचं. थांबले नाहीत तर दवाखान्यात आणायचं."

आजीने पातेल्यात बोट बुडवून चाटून पाहिलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच, आजी."

आजी बराच वेळ पातेल्याकडे बघत राहिली. मग तिने मला ते पाणी टाकू दिलं नाही. तांब्यात भरून देवापुढे ठेवायला लावलं.

फारसीचे मास्तर तोवर हयात असते तर मी ही गोष्ट त्यांना सांगितली असती, कारण ओट्यावरची त्यांची वंशावळ तिथे पूर्ण झाली. जुलाब म्हणजे मुळात गोड पाणी. हजारभर वर्षं ते नाव इराण, अरबस्तान, युरोप, हिंदुस्थान फिरलं, वाटेत औषधाचं रेचक झालं, रेचकाचा रोग झाला. आणि शेवटी त्या रोगावर उतारा सापडला तो काय, तर चिमूटभर मीठ घातलेलं गोड पाणी. म्हणजे जुलाबावर औषध जुलाबच!

परवा औषधाच्या दुकानात गेलो होतो. क्षारसंजीवनीची पाकिटं होती. संत्र्याची चव होती, लिंबाची होती. मी दुकानदाराला विचारलं, "गुलाबाची आहे का हो?"

"नाही साहेब. कोणाला हवं?"

"काही नाही, सहज." मी म्हटलं. "निघाली तर मला सांगा. तिला नाव काय द्यायचं ते माझ्याकडे तयार आहे."